सागवानी ऑडिओ रॅक: दांडिया बाजार, वडोदरा
या सुताराकडे रॅक मापाने बनवून मिळतो. सांधे खाच-कुसूचे (एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवलेले), खिळ्यांचे नाहीत, त्यामुळे जड ॲम्प्लिफायर ठेवला तरी डुगडुगत नाही. पॉलिश अप्रतिम!

माप मात्र तुम्हीच लिहून द्या. पूर्ण आकाराची बहुतेक उपकरणं ४३ सेंमी रुंद असतात. आतून ५० सेंमी घ्या. खोली ४५, नाहीतर मागच्या केबल भिंतीला दुमडतात. ॲम्प्लिफायरच्या वर १० सेंमी मोकळे हवेत आणि पाठ उघडी. इथले कारागीर सवयीने मागे प्लाय ठोकतात, उष्णता आत कोंडते. भरीव लाकडाची फळी चारही कडांनी फेव्हिकॉलने चिकटवू देऊ नका: पावसाळ्यात ती रुंदीत फुगते, वाव नसला की वाकते. टर्नटेबल (रेकॉर्ड प्लेअर) सर्वांत वर, फळी स्पिरिट लेव्हलने तपासूनच.