टेबलावरचा ईएसआर संच: यंत्र झकास, पुस्तिका कच्ची

इलेक्ट्रॉन स्पिन रेझोनन्सचा (ईएसआर: चुंबकीय क्षेत्रातल्या इलेक्ट्रॉनचा स्पिन, म्हणजे अंगभूत फिरकी, ठरावीक फ्रिक्वेन्सीच्या लहरी शोषून उलटते, ते पाहायचा प्रयोग) हा संच आमच्या प्रयोगशाळेत येऊन दोन सत्रं झाली. पाचात साडेतीन तारे देते. कापलेला दीड तारा जवळजवळ सगळा सोबतच्या पुस्तिकेपायी.

यंत्राला नावं ठेवायला फारशी जागा नाही. मधे एकसारखं चुंबकीय क्षेत्र देणाऱ्या दोन हेल्महोल्ट्झ कॉइल, मधोमध रेडिओ फ्रिक्वेन्सीची छोटी कॉइल, तिच्यात डीपीपीएच या सुटा इलेक्ट्रॉन असलेल्या रसायनाची काळपट जांभळी पूड भरलेली नळी. फ्रिक्वेन्सी ३० मेगाहर्ट्झवर ठेवायची आणि मोठ्या कॉइलमधला प्रवाह सावकाश वाढवत न्यायचा. क्षेत्र १.०७ मिलिटेस्लाच्या आसपास आलं की ऑसिलोस्कोपवर शोषणाचा खळगा उमटतो. मायक्रोवेव्हची भानगड नाही, द्रव नायट्रोजन नाही. पहिल्या दिवशी तो खळगा दिसला तेव्हा मुलांच्या आधी मीच ओरडले.

पण पुस्तिकेतल्या कृतीने मोजलं तर जी-फॅक्टर (फिरकीच्या मानाने चुंबकत्व किती, ते सांगणारा आकडा; इलेक्ट्रॉनसाठी सुमारे २) २.०८ आला. प्रवाहाची दिशा उलटी केली, तर १.९३! एका गटाने यंत्र बिघडल्याचं जाहीरही करून टाकलं. बिघडलं काहीच नव्हतं. पृथ्वीचं स्वतःचं क्षेत्र ०.०५ मिलिटेस्लाच्या घरात असतं आणि इतक्या कमी क्षेत्रात ते लुडबुड करतंच. दोन्ही दिशांच्या क्षेत्रांची सरासरी घेतली की २.०० मिळतं. पुस्तिकेत याचा एका ओळीनेही उल्लेख नाही, हे मला खटकलं.

त्याहून खटकलं ते पान ४ वरचं चित्र: स्वतःभोवती गरगरणारा विद्युतभारित चेंडू, खाली लिहिलंय ‘म्हणून जी = २’. अहो, वस्तुमान आणि भार सारखेच पसरलेला चेंडू फिरवला तर जी १ येतो! आइनस्टाइन आणि द हास यांनी १९१५ साली लोखंडावर प्रयोग केला तेव्हा त्यांनाही हाच १ अपेक्षित होता, आणि त्यांनी १.०२ मोजलाही. लोखंडाचा खरा आकडा २ च्या जवळचा. (२ यावा म्हणून हळूच प्रवाह सरकवणाऱ्या माझ्या मुलांना मी हा किस्सा दर वर्षी ऐकवते.) इलेक्ट्रॉनचा २ आपसूक बाहेर पडतो तो डिराकच्या १९२८च्या समीकरणातून. त्यावरचं ०.००२३ भौतिकशास्त्रज्ञ श्विंगरने १९४८मध्ये समजावलं. ते या संचाच्या आवाक्यातलं नाही, आणि पुस्तिकाही तसा दावा करत नाही.

शेवटचं पान मात्र ज्याने लिहिलं त्याला माझा नमस्कार. तिथे फिरणाऱ्या, विद्युतभारित कृष्णविवराचा जी दिलाय. आइनस्टाइनच्या गुरुत्व समीकरणांचं अशा विवरासाठीचं जे केर-न्यूमन उत्तर आहे, त्यातून तोही नेमका २ निघतो. ब्रँडन कार्टरने १९६८ साली ते दाखवलं. क्वांटमचा मागमूस नसलेल्या सिद्धांतातून तोच आकडा! मग इलेक्ट्रॉन म्हणजे चिमुकलं कृष्णविवर का? मुलांनी लगेच विचारलं. आम्ही फळ्यावर आकडे मांडले. इलेक्ट्रॉनच्या स्पिनवरून निघणारी लांबी येते सुमारे २ × १०⁻¹³ मीटर, तर वस्तुमानावरून निघणारी गुरुत्वीय लांबी ७ × १०⁻⁵⁸ मीटर. पहिली इतकी मोठी असेल तर घटनाक्षितिज (जिच्या आतून प्रकाशही बाहेर येत नाही ती सीमा) तयारच होत नाही, विवर उघडं पडतं; म्हणजे ते कृष्णविवरच राहत नाही. मग दोन्हीकडे २ च का? त्या दिवशी तास संपल्यावरही कोणी उठलं नाही.

पुढच्या आवृत्तीत हे पान सुरुवातीला घ्या, चेंडू काढून टाका. आणि ऑसिलोस्कोपची केबल वीतभर तरी लांब द्या.