वरच्या श्वसनमार्गाच्या स्लाइड्सचा सेट: व्हेटच्या पोरांनी घ्यावा का?

आधीच सांगते, सेट घ्यावा असाच आहे, पण डोळे झाकून घेऊ नका. आल्या आल्या दोनचार गोष्टी तपासायच्या आणि गडबड दिसली तर त्याच आठवड्यात परत पाठवायचं, एवढं केलं तर पैसे वसूल आहेत.

मी व्हेट आहे, एमव्हीएससी अ‍ॅनाटॉमीत केलं, आता तालुक्याच्या गावी क्लिनिक चालवते. इंटर्न पोरं-पोरी येतात माझ्याकडे. औषधांची नावं तोंडपाठ असतात, सलाईन झकास लावतात, पण कुत्र्याच्या श्वासनलिकेचा छेद कसा दिसतो विचारलं की एकमेकांकडे बघतात. यात त्यांची चूक नाही हो, प्रॅक्टिकलला एका स्लाइडवर दहाजण रांगेत असले तर बघणार किती आणि डोक्यात राहणार किती. म्हणून क्लिनिकच्या मायक्रोस्कोपवर निवांत बघता यावं यासाठी हा सेट मागवला, पाळीव जनावरांचा नाकापासून श्वासनलिकेपर्यंतचा भाग, म्हैस, शेळी, डुक्कर, कुत्रा आणि कोंबडी. अंबाल्याला लॅबचं सामान बनवणारे बरेच आहेत, त्यातल्याच एकाचा. नाव मुद्दाम टाकत नाहीये, एका बॅचवरून कुणाला डोक्यावर घेणं किंवा पाडणं मला पटत नाही, आणि असे सेट दुसरीकडेही मिळतात. काय बघून घ्यायचं ते महत्त्वाचं.

पॅकिंग मस्त होतं. लाकडी पेटी, प्रत्येक स्लाइडला वेगळी खाच, वर फोम, एकही काच फुटली नव्हती. लेबलं मात्र छापील नाहीत, पेनाने लिहिलेली, आणि शाई पुसट. मी पहिल्याच दिवशी सगळ्यांवर नंबर टाकून वहीत यादी केली, तुम्हीपण करा.

आता मुद्द्याचं. श्वसनमार्गाची स्लाइड चांगली की वाईट हे ओळखायचं असेल तर सगळ्यात आधी सिलिया बघा, म्हणजे अस्तराच्या पेशींवरचे केसांसारखे बारीक तंतू. जनावर मेलं की नाकाचं आणि श्वासनलिकेचं अस्तर फार लवकर खराब व्हायला लागतं, तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकायला उशीर झाला की सिलिया गळतात, पेशी सुटून पोकळीत पडतात आणि मग कितीही सुंदर स्टेन करा, दिसायला काही उरत नाही. या सेटमधली शेळीची श्वासनलिका चाळीसच्या लेन्सखाली धरली आणि खरंच बरं वाटलं. पेशींच्या वरच्या कडेला एक बारीक गडद रेष सलग गेलेली, ती बेसल बॉडीजची, म्हणजे सिलियांच्या बुडांची, आणि त्या रेषेवर सिलिया दाट उभ्या. मधे मधे गॉब्लेट सेल, म्हणजे म्यूकस बनवणाऱ्या पेशी, फुगलेल्या, एच अँड ई या नेहमीच्या स्टेनमध्ये (हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन) त्या फिकट पोकळ वाटतात, पण सोबत म्यूकस रंगवणाऱ्या पीएएस स्टेनची दुसरी स्लाइड दिलीये त्यात त्याच पेशी भडक किरमिजी. या दोन स्लाइड्स शेजारी ठेवून दाखवल्या की पोरांना म्यूकस कुठून येतो आणि वर कोण ढकलतं हे वेगळं समजवावं लागत नाही. कुत्र्यांच्या केनेल कफ या खोकल्यातला बोर्डेटेला हा जिवाणू याच सिलियांना चिकटतो आणि त्यांचं काम बंद पाडतो, म्हणून तो खोकला इतका चिवट असतो, हे मी तिथेच सांगून टाकते.

श्वासनलिकेच्या तीन स्लाइड्स हीच या सेटची खरी ताकद आहे माझ्या मते. शेळी, कुत्रा, कोंबडी, तिन्ही आडव्या छेदात. वरवर तिन्हीकडे कूर्चेचं कडं आणि आत अस्तर, पण शेळीत आणि कुत्र्यात कूर्चेची दोन टोकं जिथे उघडी राहतात तिथे नजर न्या. शेळीत ही टोकं जोडणारा ट्रॅकियालिस स्नायू कूर्चेच्या आतल्या बाजूला चिकटलेला, कुत्र्यात बाहेरच्या बाजूला. घोडा, म्हैस, डुक्कर सगळे शेळीसारखे, मांजर कुत्र्यासारखं. परीक्षेत हमखास विचारतात आणि पोरं हमखास उलटं लिहितात, कारण पुस्तकात ते एका ओळीत उरकलेलं असतं. इथे चारच्या लेन्सवरसुद्धा स्वच्छ दिसतं, एकदा बघितलं की विसरायला होत नाही. कोंबडीत तर हा प्रश्नच नाही, कडं पूर्ण बंद. आणि एक कडं दुसऱ्यावर थोडं चढलेलं असतं त्यामुळे छेदात काही ठिकाणी कूर्चेचे दोन थर दिसतात, ते बघून एका इंटर्नला वाटलं स्लाइड दुमडलीये. दुमडलेली नाही, कोंबडीत असंच असतं. याच पूर्ण कड्यामुळे पक्ष्याला भूल देताना श्वासनलिकेत घातलेल्या नळीचा कफ (तिच्याभोवतीचा फुगा) फुगवत नाहीत, कडं ताणायला जागाच नाही, दाब आला की आतलं अस्तर मरतं. कोंबडीच्या अस्तरातच छोट्या छोट्या पिशव्यांसारख्या म्यूकस ग्रंथी असतात, त्यापण छान आल्यात. मानमोडी असो की इन्फेक्शियस ब्राँकायटिस, कोंबड्यांच्या या दोन्ही आजारांत हेच अस्तर आधी मार खातं, त्यामुळे पोल्ट्रीत काम करायचं असेल त्याने ही निरोगी स्लाइड एकदा नीट डोळ्यात साठवून ठेवावी, नाहीतर आजारी बघताना तुलना कशाशी करणार.

नाकाच्या शेंड्याच्या स्लाइड्स पण आवडल्या. म्हशीच्या नाकाडावर कायम दवासारखे थेंब असतात ना, ते कुठून येतात ते इथे थेट दिसतं. वर जाड केराटिनचं आवरण, खाली खोलवर सीरस (पातळ स्राव देणाऱ्या) ग्रंथींचे झुपके आणि त्यांच्या नळ्या वर पृष्ठभागापर्यंत आलेल्या. एका ठिकाणी तर नळी खालून वरपर्यंत अख्खी एकाच छेदात सापडलीये, असं नशिबाने मिळतं. शेतकरी फोनवर पहिलं वाक्य "नाकाडं कोरडं पडलंय" असं म्हणतो तेव्हा तो या ग्रंथींबद्दलच बोलत असतो. डुकराच्या शेंड्यातपण ग्रंथी आहेत, शिवाय रक्ताने वेढलेली स्पर्शाच्या केसांची मुळं, माती उकरणाऱ्या प्राण्याला लागणारच. आणि कुत्र्याची स्लाइड बघा, त्यात ग्रंथीच नाहीत! कुत्र्याचं नाक ओलं असतं म्हणून सगळे धरून चालतात की असतीलच. तो ओलावा मुख्यतः नाकाच्या आतल्या लॅटरल नेझल ग्लँड या ग्रंथीतून आणि अश्रूंमधून येतो. धापा टाकून अंग थंड करायला लागणारं पाणीसुद्धा बऱ्याच अंशी त्या ग्रंथीचंच. ती ग्रंथी मात्र सेटमध्ये नाही, असायला हवी होती.

आता तक्रार. "ऑलफॅक्टरी म्यूकोसा, शेळी" (म्हणजे वास घेणारं अस्तर) असं लेबल असलेली स्लाइड ऑलफॅक्टरी नव्हतीच. कसं कळलं ते सविस्तर लिहिते, कारण तुम्हालाही हे तपासता आलं पाहिजे. वास घेणारं अस्तर साध्या श्वसनाच्या अस्तरापेक्षा जाड असतं. त्यात गॉब्लेट सेल नसतात. सिलिया असतात पण हलणाऱ्या नाहीत, त्यामुळे ती ठसठशीत बेसल बॉडीजची रेष मिळत नाही. केंद्रकांचे पट्टे दिसतात, वर आधार देणाऱ्या पेशींची लांबट केंद्रकं, मधे वासाच्या न्यूरॉन्सचा रुंद पट्टा, तळाला बेसल सेल्स. आणि सगळ्यात सोपी खूण खाली, लॅमिना प्रोप्रियामध्ये, म्हणजे अस्तराखालच्या थरात, बोमनच्या ग्रंथी आणि फिकट चेताजुड्या. माझ्या स्लाइडवर गॉब्लेट सेल भरपूर, रेष ठळक, खाली चेताजुडी एकही नाही. म्हणजे नाकाच्या पुढच्या भागातला तुकडा घेऊन त्याला मागच्या भागाचं नाव दिलेलं. एखाद्या विद्यार्थ्याने लेबलवर विश्वास ठेवून हेच पाठ केलं असतं तर? मला याचा राग आला, खोटं नाही सांगत. कारण आख्ख्या श्वसनमार्गात हा भाग सगळ्यात विलक्षण आहे. इथले न्यूरॉन थेट हवेला उघडे असतात आणि जनावर जिवंत आहे तोवर खालच्या बेसल सेल्सपासून नवे तयार होत राहतात, शरीरात दुसरीकडे असं फारसं होत नाही. या पेशींवरचे वास ओळखणारे रिसेप्टर शोधल्याबद्दल लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सल यांना 2004 चं नोबेल मिळालं. ती स्लाइड चुकीची देणं म्हणजे सेटचा जीवच काढून घेणं.

फोटो काढून पाठवले, मोबाईल आयपीसवर धरून काढलेले. सप्लायरने वाद घातला नाही, बदली स्लाइड पाठवली आणि ती बरोबर निघाली, बोमनच्या ग्रंथी अगदी भरगच्च. सर्व्हिसला म्हणून पूर्ण मार्क.

टर्बिनेटच्या, म्हणजे नाकातल्या गुंडाळीसारख्या घडीच्या, स्लाइडला मात्र काठावर पास. आत पातळ हाड असतं, ते आधी नीट डिकॅल्सिफाय करावं लागतं, म्हणजे त्यातलं कॅल्शियम काढावं लागतं, इथे ते कुठे कमी झालंय कुठे जास्त. एका बाजूला सुरीच्या उभ्या रेघा आणि घड्या, दुसरीकडे आम्ल जास्त झाल्यामुळे केंद्रकं फिकी, केंद्रकं रंगवणारं हिमॅटॉक्सिलिन धरलेलंच नाही. तरी ती फेकून देऊ नका, कारण हाडाभोवतीचं शिरांचं जाळं त्यात चांगलं आलंय, मोठ्या मोठ्या पातळ भिंतीच्या शिरा, रक्ताने भरल्या की अस्तर फुगतं, हवा गरम होते. गाईबैलांचा घोरण्याचा आजार माहीत असेल, शिस्टोसोमा नेझालीचा, 1933 साली मद्रासकडे राव यांनी वर्णन केलेला. तो चपटा कृमी नाकातल्या याच शिरांमध्ये राहतो, अंडी अस्तरात अडकतात, भोवती गाठी धरतात, फ्लॉवरच्या गड्ड्यासारख्या वाढतात आणि नाक बंद होत जातं. गोगलगाईतून पसरतो म्हणून पाणथळ भागातली जनावरं जास्त सापडतात, गाईबैलांना त्रास जास्त, म्हशीला कमी. शिरांचं हे जाळं बघितल्याशिवाय तो आजार नाकातच का होतो हे पुस्तकातून कितीही वाचा, नीट बसत नाही डोक्यात.

माझी सगळ्यात लाडकी स्लाइड शेळीच्या व्होमेरोनेझल ऑर्गनची. डेन्मार्कच्या याकोबसनने 1813 मध्ये याचं वर्णन केलं म्हणून त्याच्याच नावाने ओळखतात. नाकाच्या पडद्याच्या तळाशी दोन्ही बाजूला एकेक बारीक नळी, मागून बंद. आडव्या छेदात पोकळी चंद्रकोरीसारखी, पडद्याकडच्या बाजूचं अस्तर जाड आणि संवेदी, बाहेरच्या बाजूचं पातळ श्वसनाचं, शेजारी शिरा, आणि भोवती कूर्चेचं वळलेलं पान. संवेदी पेशींवर इथे सिलिया नसतात, मायक्रोव्हिली, म्हणजे त्याहून बारीक बोटांसारखे उंचवटे असतात. बोकड शेळीचं मूत्र हुंगून मान वर करतो, वरचा ओठ वळवतो आणि तसाच थांबतो, तेव्हा वास या नळीत ओढला जात असतो, शेळीत टाळूच्या पुढच्या टोकाला दातांच्या जागच्या गादीमागे असलेल्या बारीक छिद्रांतून. घोड्यात हा मार्ग तोंडात उघडत नाही, फक्त नाकात, तरी घोडाही ओठ वळवतोच. छेद इतका नेमक्या जागी घेणं सोपं नसतं, ज्याने ही स्लाइड केली त्याच्या हाताला दाद द्यायला हवी.

स्वरयंत्राचं थोडक्यात. शेळीच्या एपिग्लॉटिसला (श्वासनलिकेवरची झडप) इलॅस्टिक स्टेन केलाय, काळे तंतू कूर्चेत जाळ्यासारखे, उत्तम. कुत्र्याच्या एपिग्लॉटिसमध्ये मधे बरीचशी चरबी दिसते, तिला डिफेक्ट समजू नका, मांसाहारी प्राण्यांत असतंच. व्होकल फोल्डची स्लाइड ठीकठाक.

घोड्याचं काहीच नाही याची खंत वाटते. पुण्यामुंबईकडे रेसकोर्स आणि स्टड फार्म असताना गटरल पाउच, म्हणजे घोड्याच्या घशाजवळची हवेची पिशवी, निदान एका स्लाइडवर हवा होता, स्ट्रँगल्स या घोड्यांच्या आजारात पू तिथेच साठतो. मांजरपण नाही. घशातल्या टॉन्सिल्सची स्लाइड आहे पण छेद जाड, लिम्फोसाइट एकमेकांवर चढलेले.

सोबतची पुस्तिका चार पानांची आणि निरुपयोगी, चित्रं माणसाची आहेत. स्वतःचं पुस्तक उघडून शेजारी ठेवा.

किंमत एका चांगल्या इम्पोर्टेड टेक्स्टबुकच्या आसपास पडते, एकट्याला जड जाईल, हॉस्टेलवर चौघापाचजणांनी मिळून घेतला तर काहीच नाही. ऑर्डर देण्याआधी सप्लायरला दोन गोष्टी विचाराच, तुकडे कत्तलीनंतर किती वेळात फिक्स केले आणि टर्बिनेट कशाने डिकॅल्सिफाय केलं. ईडीटीए किंवा फॉर्मिक अ‍ॅसिड म्हणाला तर ठीक, नुसतं "अ‍ॅसिड" म्हणाला तर आधी त्या स्लाइडचा फोटो मागवा. आल्यावर उन्हापासून लांब ठेवा, इओसिनचा गुलाबी रंग उतरतो, आणि ऑइल लेन्स वापरलीत तर तेल त्याच दिवशी पुसा.