हॉलमधल्या टीव्हीला डिश ठेवावी की नुसतं ओटीटी?

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या वहिनींचं डिशचं रिचार्ज या आठवड्यात संपतंय. फायबर जोडायला आलेला मुलगा म्हणाला, "डिश निकलवा दो आंटी, सब इसी में आ जाएगा." वहिनींची अडचण पैशांची नाही. घरात टीव्ही एकच आणि त्यासमोर ७८ वर्षांच्या सासूबाई आणि सहावीतला मुलगा. मध्येच शिवी किंवा नको ते दृश्य आलं की रिमोटसाठी उश्या उचकायच्या कुणी?

डिशवर ही काळजी बरीचशी दुसऱ्यानं वाहिलेली असते. केबल टीव्हीचा कायदा १९९५चा, पण इंग्रजी चित्रपटांच्या वाहिन्यांना खरा लगाम बसला तो मुंबईच्या प्राध्यापिका प्रतिभा नैथानी उच्च न्यायालयात गेल्यावर. २००६पासून सेन्सॉर बोर्डानं सर्वांसाठी योग्य ठरवलेलेच चित्रपट आणि गाणी वाहिन्यांवर दाखवता येतात. पुढच्याच वर्षी एएक्सएन आणि एफटीव्ही या दोन वाहिन्यांवर सरकारनं दोन-दोन महिन्यांची बंदी घातली. म्हणून 'ए' प्रमाणपत्राचा सिनेमा टीव्हीवर येतो तो काटछाट करून, नवं प्रमाणपत्र घेऊन. कधीकधी इतका कापलेला की नायक खोलीत शिरतो आणि पुढच्या क्षणी सकाळचा चहा पीत असतो. मालिकांसाठी २०११पासून वाहिन्यांनी स्वतःच नियम घालून घेतले. थोडं मोठ्यांचं असेल ते रात्री ११ ते पहाटे ५.

आणि ती बीप! ती ऐकली की आजी विचारतात, "काय म्हणाला गं तो?" नातवाला विचारावं लागत नाही. शाळेच्या बसमध्ये आणि सराफ्याच्या गर्दीत तो शब्द त्यानं शंभरदा ऐकलाय, ओठांवरून ओळखतो. बीपनं शिवी झाकली जात नाही, तिच्याकडे लक्ष मात्र जातं.

जाहिरातींचं निराळंच. डिसेंबर २०१७मध्ये सरकारनं कंडोमच्या जाहिराती रात्री १० ते सकाळी ६ या वेळेतच दाखवा असं वाहिन्यांना सांगितलं, नंतर खुलासा केला की हे फक्त उत्तान जाहिरातींना लागू. डिओडरंटच्या जाहिराती त्यात नाहीत, त्या संध्याकाळच्या आरतीच्या वेळीही येतात. सेट-टॉप बॉक्सला कुलूप लावता येतं, पण ते अख्ख्या वाहिनीला लागतं, एखाद्या जाहिरातीला नाही.

ओटीटीवर आधी कात्री चालवणारं सेन्सॉर बोर्ड नाही. फेब्रुवारी २०२१च्या नियमांनी पाच वर्ग आले: यू, यू/ए ७+, १३+, १६+ आणि ए. १३+ पासून पुढे पालकांच्या कुलपाची सोय कंपनीनं द्यायलाच हवी. मला यातलं सर्वांत उपयोगी वाटतं ते सुरुवातीलाच कोपऱ्यात येणारं वय आणि 'भाषा, लैंगिक दृश्यं' असं कारण. दोन सेकंदात कळतं की हे आजींसमोर लावायचं की नाही. टीव्हीवरच्या मालिकेत अशी आगाऊ सूचना सहसा नसते.

पण सोय असणं वेगळं आणि ती वापरणं वेगळं. आमच्याकडे पिन ठेवला मुलाच्याच जन्मतारखेचा, त्यानं दुसऱ्या दिवशी उघडला. शिवाय टीव्हीवर कायम बाबांचंच प्रोफाइल उघडं राहतं, आणि काही न लावता नुसतं शोधत बसलं तरी पडद्यावर ट्रेलर आपोआप सुरू होतात. आजी बसलेल्या असताना सर्वांत जास्त घोटाळा इथेच होतो, सिनेमात नव्हे. एक मात्र चांगलं आहे: इंग्रजी मालिका हिंदी डबिंगमध्ये लावली की शिव्या पुष्कळदा 'कमीने'वर निभावतात.

वहिनींना मी सांगितलं, डिश काढू नका, पण लहान पॅक घ्या. आजींच्या मराठी वाहिन्या इथल्या हिंदी पॅकमध्ये आहेत का ते आधी पाहा, नसतील तर वेगळ्या जोडून घ्या. दुपार आणि संध्याकाळ हॉल डिशवर. ओटीटीवर मुलाचं लहान मुलांचं प्रोफाइल करा आणि टीव्हीवर तेच उघडं ठेवा. मोठ्यांच्या प्रोफाइलला पिन, आणि 'आपोआप ट्रेलर' बंद. ज्यांच्या घरी पोर दहावीच्या पुढे गेलंय आणि आजी-आजोबांचा टीव्ही त्यांच्या खोलीत आहे, त्यांनी डिशचे पैसे खुशाल वाचवावेत.

वहिनींनी रिचार्ज एकाच महिन्याचं केलंय.