रुग्णाला अनुभव विचारायचा कुठे: दवाखान्याच्या दारात, घरी की फोनवर?

निधी मोजका, मुलाखती घेणारी माणसं दोन-चार, आणि गरीब वस्तीतल्या दवाखान्यात रुग्णांना कसं वागवतात हे कळायला हवं. अशा वेळी प्रश्नावलीवर बराच खल होतो आणि कुठे विचारायचं हे सोयीनुसार ठरतं. खरं तर उत्तर बदलतं ते तिथेच. टांझानियात 8 दवाखान्यांमधल्या बाळंतिणींना निघताना विचारलं, तेव्हा सुमारे 19 टक्के जणींनी अपमान किंवा वाईट वागणूक झाल्याचं सांगितलं. त्यांच्यातल्याच काही जणींना 5 ते 10 आठवड्यांनी दवाखान्याबाहेर विचारलं, तर हे प्रमाण 28 टक्क्यांवर गेलं. दारात नर्स ऐकत असते, लसीकरणाला पुन्हा इथेच यायचं असतं आणि बाळ सुखरूप असल्याने बाकी सगळं माफ असतं.

तरीही दारातली मुलाखत मोडीत काढू नये. किती वेळ थांबावं लागलं, पैसे किती गेले, लिहून दिलेली सगळी औषधं मिळाली का, हे तेव्हाच ताजं असतं. मात्र मुलाखतकाराने गणवेश घालू नये आणि कर्मचाऱ्यांच्या नजरेआड बसावं. दिवसाला 60 रुग्ण येत असतील आणि 20 मुलाखती हव्या असतील, तर बाहेर पडणारा दर तिसरा रुग्ण घ्यायचा. नकार दिलेल्यांचीही नोंद ठेवायची. हा नियम नसला की हसतमुख आणि रिकामे दिसणारेच निवडले जातात. रांगेला कंटाळून तपासणीआधीच परतलेले मात्र यात सापडतच नाहीत.

वागणूक, ओरडणं, लाच, खासगीपणा याबद्दल विचारायचं तर घरीच जावं. खर्च वाढतो, पत्ते अपुरे निघतात. म्हणून दारातच परवानगी, घराजवळची खूण आणि सोयीची वेळ लिहून घ्यावी. घरी सासू शेजारी बसते, तेव्हा एकांत मिळेपर्यंत थांबावं. एचआयव्ही, क्षय किंवा गर्भपाताच्या रुग्णाकडे तर स्वतःहून जाऊच नये, नुसत्या भेटीनेही बातमी फुटते.

फोन सर्वांत स्वस्त. पण तो बहुधा नवऱ्याच्या हातात असतो, आणि सर्वांत गरीब व म्हातारी माणसं सुटतात. आठ-दहा प्रश्नांपलीकडे जाऊ नये आणि सुरुवातीलाच ‘मोकळं बोलता येईल का?’ असं विचारावं.

जागा कोणतीही असो, ‘समाधानी आहात का?’ या प्रश्नावर विसंबू नका. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 12 देशांतल्या इंटरनेट सर्वेक्षणात निकृष्ट उपचारांचं वर्णन वाचूनही 53 टक्के लोकांनी ते ‘चांगले’ किंवा त्याहून वरचे ठरवले. अपेक्षाच कमी असेल तर समाधान स्वस्त असतं. त्यापेक्षा काय घडलं ते विचारा: ‘गोळी किती दिवस घ्यायची ते सांगितलं का?’ ‘सहमत की असहमत’ही टाळा, लोक मान डोलावतात. केनियात तपासलेल्या प्रसूतीसेवा मोजणाऱ्या प्रश्नावलीत 30 प्रश्न आहेत, प्रत्येकाला 0 ते 3 गुण. त्यातले दहाच उचलले तर बेरीज इतरांच्या आकड्यांशी ताडू नये.

सगळ्यांना दारात आणि घरी असं दोन्हीकडे विचारण्यापुरते पैसे नसतील तर आमची पसंती अशी: सगळ्यांना दारात विचारा आणि त्यांच्यातल्या चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या चौथ्या हिश्श्याला काही आठवड्यांनी घरी. वागणुकीचे तीन प्रश्न दोन्हीकडे शब्दशः सारखे ठेवा. या चौथ्या हिश्श्याच्या दोन्ही वेळच्या उत्तरांतला फरक दारातल्या आकड्यात वाईट वागणूक किती कमी दिसते ते दाखवतो, आणि अहवालात तो आकडा एकटा न छापता या फरकासह छापता येतो.