दोन हजारांच्या आतला फिटनेस बँड, जळगावच्या उन्हाळ्यासकट वर्षभर वापरून

पहिलं निकालाचंच सांगून टाकते, ज्यांना घाई आहे त्यांनी पुढचं नाही वाचलं तरी चालेल. पावलं मोजायला चांगला आहे, कॅलरीच्या आकड्याकडं बघायचंच नाही, आणि वजन हा बँड कमी करत नाही, ते आपल्यालाच करावं लागतं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण या किमतीतले सगळे बँड आतून सारखेच, आमच्या ऑफिसात चौघींकडं चार कंपन्यांचे आहेत आणि चौघींची रड एकच.

घेतला कशासाठी तर डॉक्टरांनी वजनकाट्यावर उभं करायच्या आधी कमरेला टेप लावला आणि नुसतं "हं" म्हणले. आपल्याकडं बायकांची कंबर ८० सेंटीमीटरच्या वर आणि पुरुषांची ९० च्या वर गेली की धोका धरतात, बीएमआयचं (उंचीच्या मानानं वजन किती त्याचा आकडा) पण तसंच, बाहेरच्या देशात २५ च्या पुढं जास्त वजन म्हणतात तर आपल्याला २३ लाच म्हणतात आणि २५ ला डायरेक्ट लठ्ठपणा. कारण आपल्या लोकांची चरबी पोटात साठते आणि शुगर लवकर मागं लागते. तर म्हणलं चालायला लागू, आणि चालायचंच तर मोजू तरी.

आता पावलांचं. या बँडला पाय दिसत नाहीत हे आधी डोक्यात घ्या. आत एक ॲक्सेलरोमीटर असतो तो हाताचा झोका ओळखतो आणि त्यावरून पावलांचा अंदाज बांधतो. म्हणजे मी ओट्यासमोर जागेवर उभी राहून कळण्याच्या भाकरी थापल्या की याच्या हिशोबात मी कुठंतरी फिरून आलेली असते. थंडीत आसोद्याची नाहीतर बामणोदची वांगी आणली, काड्यांवर भाजली आणि भरतासाठी मुसळीनं ठेचायला बसले तर बसल्या जागी पावलं चढतात, घरातले हसतात. स्कूटीवर गेलं की खड्ड्याखड्ड्याला थोडी भर पडते ते वेगळंच. आणि उलटं पण होतं बरं का, बाजारातून दोन्ही हातात पिशव्या घेऊन घामाघूम होऊन घरी यावं तर अर्धी पावलं गायब, कारण हात हललेच नाहीत. मैत्रिणीला सासूबाईंची व्हीलचेअर ढकलत फिरवावं लागतं, तिला तर हा बँड जवळजवळ काहीच देत नाही, आणि मेहनत तिची सगळ्यात जास्त.

तरीपण मी पावलांना पास केलंय. कारण चूक रोज साधारण सारखीच होते. भाकरी काल पण थापल्या होत्या आणि आज पण थापल्यात, मग कालच्यापेक्षा आज कमी दिसलं तर खरंच कमी चालले असते. डाव्या हाताला बांधला तर थोडा फरक पडतो, ॲपमधे कुठला हात ते निवडायची सोय आहे तिथं खरं भरा.

बॉक्समधून काढल्यावर ध्येय आपोआप १० हजारावर सेट असतं. ते पहिल्यांदा बदला. हा १० हजाराचा आकडा कुठल्या मोठ्या अभ्यासातून निघालेला नाहीये, १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकनंतर जपानमधे चालण्याची हवा झाली होती तेव्हा १९६५ ला तिथल्या यामासा नावाच्या कंपनीनं कमरेला लावायचं पावलं मोजायचं यंत्र काढलं आणि त्याच्या नावातच १० हजार घालून टाकले, तेव्हापासून तोच चालू आहे. २०१९ ला अमेरिकेत १६ हजारावर म्हाताऱ्या बायकांची पावलं मोजून अभ्यास झाला, सरासरी वय ७२, त्यात दिवसाला २७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४४०० चालणाऱ्यांचं मरणाचं प्रमाण ४१ टक्के कमी निघालं, आणि ७५०० च्या पुढं चालून आणखी फायदा दिसला नाही. हे आयुष्याचं झालं, वजनाचं नाही, आणि माझं वय अजून तेवढं नाही, पण भीती गेली. रोज रात्री "ध्येय अपूर्ण" बघत झोपण्यापेक्षा मी ते ६ हजारावर आणलं, मग पुरं व्हायला लागलं, मग हळूच वाढवलं. ऑफिसातल्या एकीनं हट्टानं १० हजारच ठेवले, तिचा बँड सध्या ड्रॉवरमधे आहे.

आता खरा मुद्दा, मोटिव्हेशन. डब्यावर मोठ्या अक्षरात लिहिलंय की हा तुम्हाला प्रेरणा देतो. देतो, पण कंपनीला वाटतं तसा नाही. तासभर बसून राहिलं की हाताला थरथरतो आणि उठा म्हणून छोटा माणूस नाचतो, त्याची पहिल्या आठवड्यात मजा वाटते, नंतर मीटिंगमधे तो थरथरला की आपण नुसतं दाबून टाकतो. ॲपमधले बॅज तर लहान पोरांचं काम आहे. चाललं ते काय तर आमचा घरचा ग्रुप. नणंद भुसावळला, जाऊ धुळ्याला, माझी बहीण सुरतला (खानदेशातल्या प्रत्येक घराचं एक माणूस सुरतला असतंच), सगळ्यांनी दिवाळीच्या सेलमधे असले बँड घेतले आणि रात्री नऊ-दहाला पावलांचा स्क्रीनशॉट टाकायचा असं ठरलं. पहिला नंबर कुणाचा याला महिनाभरात कुणी विचारेना, पण स्क्रीनशॉट नाही आला की लगेच फोन, "काय गं माय, बरी आहेस ना?" त्या फोनच्या लाजेनं मी किती वेळा जेवणानंतर गच्चीवर फेऱ्या मारल्यात ते मलाच माहीत. जावेनं एकदा बँड पोराच्या हाताला बांधून त्याला क्रिकेटला पाठवलं होतं, पण नाडीचा आलेख १७० च्या वर गेलेला बघून नणंदेनं पकडलं. त्या दिवशी ग्रुपवर जी हसाहशी झाली त्यात बँडचे पैसे वसूल झाले म्हणा.

ॲपची एक गोष्ट मात्र मला अजिबात पटलेली नाही. सलग दिवस मोजतो आणि एक दिवस चुकला की सगळं शून्यावर आणून ठेवतो. श्रावणात कानबाई (आमची खानदेशातली देवी) बसली घरी, भाऊबंद जमलेले, रोटांचा स्वयंपाक, रात्रभर जागरण आणि गाणी, दुसऱ्या दिवशी विसर्जनाला जायचं, त्यात बँड चार्जिंगला राहिला तो राहिलाच. दोन दिवसांनी बघते तर शून्य. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेलं की तेच, सांजोऱ्या पण आल्या आणि झोके पण आले, आणि झोका हा व्यायाम आहे असं याला अजून कुणी शिकवलेलं नाही. या ॲपमधे रजा टाकायची सोयच नाही. आजारपण, सणवार, पाळीचे पहिले दोन दिवस, घरात कुणी गेलं, यातलं काही त्याला कळत नाही. माझ्या बघण्यातल्या जितक्या जणींनी बँड सोडला त्या सगळ्यांनी शून्य बघितल्यावरच सोडला, चालायचा कंटाळा आला म्हणून एकीनंही नाही. आमच्या ग्रुपवर आम्ही नियम केला की महिन्याला चार दिवस माफ, कारण विचारायचं नाही. एवढं साधं कंपनीच्या इंजिनिअर लोकांना सुचू नये म्हणजे कमाल आहे.

कॅलरी. इथं सगळ्यांनी जरा नीट वाचा कारण घरोघरी यावरूनच घोटाळा होतो. २०१७ मधे स्टॅनफर्ड विद्यापीठानं मनगटावरचे सात बँड आणि घड्याळं तपासली, नाडी सातातल्या सहांची ठीकठाक निघाली, ५ टक्क्यांच्या आत चूक, पण कॅलरीत जो सगळ्यात चांगला होता तो सरासरी २७ टक्के चुकला आणि सगळ्यात वाईट ९३ टक्के. आणि ते सगळे आपल्या दोन हजारवाल्यापेक्षा कितीतरी महाग. शिवाय काही बँड दिवसभराच्या कॅलरीत नुसतं श्वास घेऊन जिवंत राहायला लागतात त्या पण धरतात, आपल्याला वाटतं सगळं चालूनच जाळलं. आमचे हे माझा बँड आठवडाभर हातात घालून फिरले. रविवारी वरण-बट्टी होती, यांनी मनगट वर करून सगळ्यांना दाखवलं, पाचशे जळाल्यात, आणि तुपात बुडवून आणखी एक बट्टी उचलली. आई म्हणल्या, "त्या घड्याळालाच वाढ ना मग."

तासभर बऱ्यापैकी जोरात चाललं तर आपल्यासारख्या सत्तर किलोच्या माणसाच्या दोनशे-अडीचशे कॅलरी जातात, अंदाजे. आणि तेल म्हणजे ग्रॅमला ९ कॅलरी, मोठा चमचाभर तेलाच्या १२० च्या आसपास. शेवभाजीवरची तर्री वाटीत वेगळी काढून बघा एकदा किती चमचे भरतात ते. तासाभराचं चालणं एका वाटीत जातं. हे बँड सांगणार नाही, कारण वाटीत काय आहे ते त्याला दिसत नाही. २०१६ मधे पिट्सबर्गच्या लोकांनी साडेचारशेच्या वर तरुण दोन वर्षं अभ्यासाला घेतले होते, सगळ्यांना खाणं कमी आणि व्यायामाचा सल्ला सारखाच, पण अर्ध्यांना बँड दिला. बँडवाल्यांचं साडेतीन किलो कमी झालं आणि बिनबँडवाल्यांचं जवळजवळ सहा किलो. का ते पक्कं कुणी सांगितलेलं नाही पण मला तरी ती जास्तीची बट्टीच डोळ्यासमोर येते. माझं जे काही पाचेक किलो उतरलं ते रात्रीचं जेवण आठच्या आत आणि तर्री अर्धी केल्यावर उतरलं, नुसतं चालत होते तेव्हा काटा हललाच नव्हता. चालण्यानं झोप आणि गुडघे सुधारले, ते पण कमी नाही.

उन्हाळ्याचा वेगळा पॅरा लिहावाच लागेल कारण युट्यूबवर रिव्ह्यू करणारे एसीत बसलेले असतात. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या घरात, पहाटे साडेपाचला मेहरूण तलावावर गेलं तरच चालणं होतं, सात वाजले की चटके. उकाड्यात त्याच चालीनं चाललं तरी नाडी जास्त दिसते, कारण शरीर थंड ठेवायला रक्त कातडीकडं पळवावं लागतं, तर बँडला वाटतं तुम्ही काहीतरी भारी वर्कआउट करून राहिले. फुशारकी मारू नका, पाणी प्या. सिलिकॉनच्या पट्ट्याखाली घाम साचून घामोळ्या येतात, मनगटावर लाल पट्टा उठतो, मी मे-जूनमधे रात्री काढूनच ठेवते. आणि ढिला बांधला तर नाडी कायच्या काय दाखवतो, मागचा हिरवा दिवा कातडीला चिकटलेला लागतो, तोच रक्ताची ये-जा बघतो. झोपेचं मोजमाप पण उन्हाळ्यात बोगस, गच्चीवर लाईट यायची वाट बघत डोळे उघडे ठेवून गप पडलं तरी हा "गाढ झोप" लिहून मोकळा.

ताकदीच्या व्यायामाला हा शून्य मार्क देतो. जागतिक आरोग्य संघटना म्हणते आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम, म्हणजे चालताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही एवढा, आणि वर दोन दिवस स्नायूंचा. भिंतीला हात लावून जोर मारले, खुर्चीतून उठबस केली, मांड्या दोन दिवस दुखत होत्या आणि बँडवर काहीच नाही. म्हणून तेवढं मी कॅलेंडरवर पेननं खूण करून ठेवते, दूध आणि गॅसच्या नोंदीशेजारी.

बॅटरी डब्यावर १४ दिवस लिहिलीय, नाडी सतत चालू ठेवली तर आठवडाभर पुरते, माझी तक्रार नाही. चार्जिंगची केबल मात्र नाजूक आणि प्रत्येक मॉडेलची वेगळी, ती हरवली की बँड गेला. पट्टा आठ-दहा महिन्यात तुटला, कंपनीच्या कस्टमर केअरनं फोनवर इतकं फिरवलं की त्यातच माझं दिवसाचं ध्येय पूर्ण झालं असतं, शेवटी गोलाणी मार्केटमधे दीडशे रुपयात बसवून घेतला, रंग वेगळा आहे पण घट्ट बसतो.

एक मात्र करू नका, रस्त्यावर तीनशे-चारशेला मिळतात ते. भाच्यानं आणला होता एक, मी म्हणलं थांब जरा, आणि फळीवरच्या केळीला बांधला. केळीची नाडी ७८ आली. महागातले बँड पण कधीकधी केळीला फसतात म्हणे, पण या पठ्ठ्यानं वर तिचं ब्लडप्रेशर पण दाखवलं, एकदम नॉर्मल.