कोलोनचं कॅथेड्रल: गवंड्याच्या नजरेतून

लेक जर्मनीत नोकरीला, म्हणून जाणं झालं. नाहीतर दारव्ह्याकडच्या खेड्यातला माणूस कोलोनला कशाला पोचतो! ३५ वर्षं मी विहिरी बांधल्या, वाड्यांची जोती उचलली. त्यामुळे कॅथेड्रलमध्ये, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चमध्ये, शिरल्यावर लोक माना वर करून ४३ मीटरवरचं छत पाहत होते, अन् मी खांबाला हात लावून दगडाचे सांधे पाहत होतो.

इथं पाया घातला १२४८ साली. सोळाव्या शतकात काम थांबलं. अर्धवट मनोऱ्यावरची लाकडी क्रेन पिढ्यान्‌पिढ्या तशीच उभी. दर्शनी भागाचा चर्मपत्रावरचा जुना नकाशाही हरवला. एकोणिसाव्या शतकात त्याचा अर्धा भाग डार्मस्टाटला सापडला, अर्धा पॅरिसला. १८४२ ला पुन्हा काम धरलं, १८८० ला १५७ मीटरचे दोन्ही मनोरे पुरे झाले. आम्ही संध्याकाळी सोडलेला थर सकाळी धरताना दहादा ओळंबा लावतो. यांनी जवळपास तीनशे वर्षांपूर्वी सोडलेला थर धरला! जोड कुठं आहे, मला खालून तरी दिसला नाही. लोणारच्या दैत्यसूदन मंदिरापुढं असाच गप्प उभा राहिलो होतो.

दक्षिणेकडची मोठी खिडकी मात्र २००७ ची, चित्रकार गेरहार्ड रिष्टर यांची. ११,२६३ चौकोनी काचा. दुपारी ऊन आलं अन् माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर लाल-निळे चौकोन पडले. एवढ्यासाठी तरी दुपारी जा.

मनोऱ्याचं तिकीट वेगळं आहे. ५३३ पायऱ्या, लिफ्ट नाही, जिना अरुंद आणि चढणारे-उतरणारे त्याच जिन्यात. समोरून लोक आले की भिंतीला चिकटावं लागतं. लेक मागून म्हणत होती, "बाबा, दम घ्या ना जी." गुडघे दुखत असतील तर चढू नका. वाटेत घंटाघर आहे, तिथं थांबा. सर्वांत मोठी घंटा २४ टनांची आहे. वर जाळीमुळे फोटो नीट येत नाहीत.

मला सगळ्यात भावलं ते बाहेर. काळवंडलेल्या भिंतीत मधेच एक पांढुरका, नवा घडलेला दगड. कॅथेड्रलचे स्वतःचे पाथरवट आजही कामावर आहेत. झिजलेला दगड काढतात, तसाच घडून बसवतात. उंच परांचीवर एक जण दिसला. मी खालून हात केला, त्यानंही केला.