नौपाड्यातला स्टॅटिस्टिक्सचा वीकेंड क्लास: टी-टेस्ट भारी शिकवतात, नोट्स मात्र बदला राव

चार स्टार देतोय. पाचवा छापील नोट्सनी खाल्ला, त्यावर खाली येतोच. क्लासचं नाव मुद्दाम टाकत नाहीये कारण थोडं वाईट पण लिहायचंय, नौपाड्यात आहे, ठाणे स्टेशनवरून चालत जाता येतं, एवढं पुरे.

बॅच शनिवार-रविवारची. बीएस्सीवाले, सायकॉलॉजीत एमए करणारे, एमबीएवाले आणि माझ्यासारखे दोन-चार नोकरीवाले असा मिक्स क्राउड. मी रबाळ्याला पॅकिंग कंपनीत क्वालिटीला आहे, म्हणजे लाइनवरून पाकिटं उचलायची, वजन करायचं, एक्सेलमध्ये टाकायचं आणि साहेबांना 'अ‍ॅव्हरेज ओके' म्हणून मेल करायचा. पण दहा पाकिटांच्या सरासरीवरून अख्ख्या लॉटच्या सरासरीबद्दल किती ठामपणे बोलायचं, हे आमच्याकडे कुणी कुणाला विचारतच नाही. टी-टेस्ट म्हणजे थोड्या सॅम्पलवरून सरासरीबद्दलचा दावा तपासायची पद्धत, तेवढ्यासाठीच क्लास लावला आणि तेवढं नक्की मिळालं.

सर सुरुवातच मस्त करतात. कॉलेजात सरासरी तपासायचा झेडचा फॉर्म्युला सगळ्यांनी घोकलेला असतो, त्यात पॉप्युलेशनचं (म्हणजे अख्ख्या लॉटचं) स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे आकडे सरासरीपासून साधारण किती पसरलेत ते माप, टाकायचं असतं. सर विचारतात, ज्याला पॉप्युलेशनचा मीनच (सरासरीच) माहीत नाही त्याला त्याचं डेव्हिएशन कोण आणून देणार? मग आपण काय करतो, सॅम्पलमधूनच काढलेलं डेव्हिएशन तिथे बसवतो, पण ते स्वतःच दर सॅम्पलला बदलतं, कधी कमी येतं कधी जास्त, म्हणून एक जास्तीची अनिश्चितता आत शिरते आणि ती भरून काढायला टी लागतो. टेबल उघडून दाखवलं: ९५ टक्के भरवशासाठी झेड म्हणजे १.९६ ठरलेला, पण सॅम्पल ५ चं असेल, म्हणजे ४ डिग्रीज ऑफ फ्रीडम (इथे सॅम्पलपेक्षा एक कमी), तर टी २.७७६, १० चं असेल तर २.२६२, ३० चं असेल तर २.०४५. सॅम्पल वाढत गेलं की टी हळूहळू १.९६ कडे सरकतो. हे असं आकडे बघून डोक्यात बसतं, नुसत्या सिद्धतेने नाही बसत (निदान माझ्या तरी नाही).

आणि हे काढलं कुणी तर विल्यम गॉसेट, डब्लिनच्या गिनेस दारूभट्टीत नोकरीला असलेला माणूस. त्याच्याकडे पण आपल्यासारखीच थोडी थोडी सॅम्पलं, हजारोंचा डेटा कुठून येणार. १९०८ मध्ये 'बायोमेट्रिका'त 'स्टुडंट' या टोपणनावाने पेपर छापला, म्हणून आजही स्टुडंट्स टी म्हणतात. म्हणजे टी-टेस्ट हे मूळचं क्वालिटीवाल्यांचंच काम आहे हे कळल्यावर सोमवारी कामाला जाताना जरा कॉलर ताठ झाली, खोटं कशाला बोलू.

पण या क्लासचे पैसे खरे वसूल झाले ते लोकलच्या एक्सरसाइजला. सरांनी सगळ्यांना आपापली सकाळची लोकल टाइमटेबलपेक्षा किती मिनिटं उशिरा आली ते लिहून आणायला सांगितलं. पोरं उत्साहात आकडे घेऊन आली, कॅल्क्युलेटर बाहेर, आणि सर म्हणाले, थांबा, हा मीन नक्की कुणाचा? सगळे गप्प. कारण सगळ्यांच्या गाड्या सकाळच्या गर्दीतल्या, दुपारची एकही नाही, त्यामुळे 'सेंट्रलच्या लोकलचा सरासरी उशीर' असं म्हणता येणारच नाही. शिवाय कल्याणकडून येणारे दोघे एकाच गाडीतले निघाले आणि एक गाडी रखडली की मागच्या पण रखडतात, म्हणजे आकडे एकमेकांपासून स्वतंत्र पण नाहीत. रँडम सॅम्पल नाही, स्वतंत्र नाही, मग फॉर्म्युला कितीही बरोबर लावा, उत्तराला अर्थ नाही. ही गोष्ट पुस्तकात 'अटी' म्हणून एका ओळीत असते आणि आपण ती ओळ सोडून पुढे जातो.

मग सरांनी फळ्यावर स्वतःचे सोपे आकडे घेतले. १६ गाड्या, सरासरी उशीर ६.५ मिनिटं, डेव्हिएशन ४. स्टँडर्ड एरर (सरासरी दर सॅम्पलला साधारण किती हलेल ते) म्हणजे ४ भागिले १६ चं वर्गमूळ, आला १. १५ डिग्रीजला टी २.१३१, म्हणून इंटरव्हल, म्हणजे खरी सरासरी जिथे असावी तो ९५ टक्के भरवशाचा पट्टा, साधारण ४.४ ते ८.६ मिनिटं. आता कुणी म्हणालं की सरासरी उशीर ५ मिनिटंच आहे, तर टी येतो १.५ (६.५ वजा ५, भागिले १), तो २.१३१ च्या आत, दावा खोडता येत नाही, आणि बघा ५ हा आकडा इंटरव्हलच्या आतच बसलाय. टेस्ट आणि इंटरव्हल हे एकच गणित दोन बाजूंनी, हे तिथे टकाटक कळलं. सरांनी लगेच दम पण दिला की दावा खोडता आला नाही म्हणजे तो खरा ठरला असं कुणी लिहिलं तर मार्क कापीन.

त्यानंतर त्यांनी फक्त एक आकडा बदलला. ६ मिनिटांच्या जागी ३८, पावसात होतं तसं. मीन गेला ८.५ वर, डेव्हिएशन ४ वरून ८.८ वर, आणि इंटरव्हल झाला ३.८ ते १३.२! एका गाडीने सगळ्याची वाट लावली. म्हणून लहान सॅम्पल असेल तर आधी डॉटप्लॉट (दर आकड्याला रेषेवर एक ठिपका) काढायचा, एखादा आकडा लांब पडलाय का, सगळं एका बाजूला झुकलंय का बघायचं, आणि तसं असेल तर टी लावायच्या आधी दहादा विचार करायचा. चाळीसेकच्या वर सॅम्पल असेल तर थोडं वाकडंतिकडं चालून जातं, पंधराच्या खाली असेल तर अजिबात नाही, असा ढोबळ हिशोब. मात्र आउटलायर (असा लांब पडलेला आकडा) नडतो म्हणून गुपचूप उडवायचा नाही, आधी टायपिंगची चूक आहे की खरंच तसं झालंय ते शोधायचं. आमच्या लाइनवर हे रोज होतं आणि रोज उडवलं जातं, असो.

आता नोट्स. च्यायला, जे सर वर्गात शिकवतात त्याच्या उलटं नोट्समध्ये छापलंय! पहिल्याच पानावर 'सॅम्पल ३० पेक्षा जास्त तर झेड, कमी तर टी'. सर स्वतः सांगतात की पॉप्युलेशनचं डेव्हिएशन माहीत नसेल तर टीच, सॅम्पल ३०० चं असलं तरी, फक्त तेव्हा दोन्ही उत्तरं जवळजवळ सारखी येतात. मग ते पान बदला की. पुढे एका गणितात तीच दहा पाकिटं जुन्या आणि नव्या काट्यावर तोललीत आणि ते सोडवलंय दोन वेगळी सॅम्पलं धरून, १८ डिग्रीजने. अहो, पाकिटं तीच आहेत, प्रत्येकाचा फरक काढा, दहा फरकांवर ९ डिग्रीजने साधी एक-सॅम्पल टी लावा, पाकिटापाकिटातला फरक आपोआप गळून पडतो. मी दाखवलं तर ऑफिसमधल्या मॅडम म्हणाल्या पुढच्या प्रिंटला बघू.

दोन वेगळ्या सॅम्पलच्या सरासऱ्या ताडून बघायचा भाग तर शेवटच्या लेक्चरला घाईत उरकला आणि फक्त दोन्हीकडचं व्हेरिअन्स (डेव्हिएशनचा वर्ग) सारखं धरायची पद्धत सांगितली. प्रत्यक्षात सारखं कशाला असेल? आर सॉफ्टवेअर तर न सांगता वेल्चची पद्धत वापरतं, म्हणजे सारखं धरतच नाही. एक्सेलच्या टी-टेस्टमध्ये शेवटी १, २, ३ असं विचारतं, १ जोडीचा (तीच पाकिटं दोनदा), २ सारखं व्हेरिअन्स, ३ वेगळं, ऑफिसमध्ये काम करणाऱ्याला हा ३ माहीत हवाच. यावर एक लेक्चर वाढवायला हवं.

बाकी एसी चालतो, बाकडी अरुंद आहेत, गाडी लावायला जागा नाही त्यामुळे घोडबंदरवाल्यांनी बसने यावं. मराठीतूनच शिकवतात, शब्द इंग्रजी, समजावणं मराठी, हे मला फार आवडलं.

जाणार असाल तर स्टॅट मोडवाला कॅल्क्युलेटर न्या आणि पहिल्याच दिवशी बघून ठेवा की त्यात डेव्हिएशनची दोन बटणं असतात, आपल्याला एन (सॅम्पलमधले आकडे किती ते) वजा १ ने भागणारं हवं. एक्सेलमध्ये तेच एसटीडीईव्ही पुढे एस असलेलं, पी असलेलं नाही.